नऊवारीतली नात

"तुमच्यासाठी अगदी परफेक्ट मॅच मिळालीय," फोनवरचा केसवर्कर म्हणाला. "पाच वर्षांची मुलगी आहे. इंडियन. म्हणजे तुमचीच संस्कृती."

मी मिक्सरमधून चटणी काढत होते. हात बरबटलेले, फोन स्पीकरवर. मी विचारलं, "इंडियन म्हणजे कुठली?"

"इंडियन," तो म्हणाला.

"अरे, इंडियन पुष्कळ असतात. घरी बोलते काय ती?"

"तमिळ."

"आम्ही मराठी आहोत."

"येस, येस," तो आनंदाने म्हणाला. "इंडियन."

आता ह्यावर माणसाने काय बोलावं? आमच्या इथल्या ओळखपत्रावर वंशाच्या रकान्यात 'इंडियन' लिहिलंय, तिच्याही कागदांवर 'इंडियन' लिहिलेलं असणार. कॉम्प्युटरने दोन्ही शब्द जुळवले आणि लग्न ठरवून टाकलं. संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "सिस्टिमने जुळवलंय ना, मग काहीतरी विचार असेलच त्यामागे." हे तांजोंग पगारला एका बँकेत कम्प्लायन्सला आहेत. एखादी गोष्ट नियमात बसली की ह्यांना शांत झोप लागते, मग जग बुडो.

फोस्टरची कल्पना माझीच. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि मरीन परेडचं आमचं घर एकदम मुकं झालं. मी अकाउंट्सची नोकरी सोडलेली. दोन माणसांनी एकमेकांची तोंडं किती वेळ बघत बसायची? म्हणून ज्या मुलांना काही काळ दुसऱ्या घरी राहावं लागतं, त्यांना सांभाळायला आम्ही नाव दिलं. घराच्या तपासणीला हाच केसवर्कर आला होता. चिनी, तरुण, आणि इतका गोड की त्याच्यावर चिडलं तर आपल्यालाच पाप लागेल. त्याने खिडक्यांच्या जाळ्या बघितल्या, औषधांचं कपाट बघितलं, स्वयंपाकघरात आला, आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. पोरगं मटकन खाली बसलं. मी म्हटलं, "बाबा रे, तूरडाळ आहे." तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "घर फार छान आहे."

मुलीची हकिगत साधी होती. आईची तब्येत अशी की तिला स्वतःलाच सांभाळता येत नव्हतं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, ते माझं नाही. पोरीला तान्हेपणापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला, आजीने वाढवलेलं. ती आजी एक दिवस बाजारात ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवणाऱ्या हॉस्पिटलात मुक्काम. तोवर पोरगी आमच्याकडे. आजी बऱ्या झाल्या की एक मीटिंग होणार होती, आणि त्यात ठरणार होतं की मुलगी आजीकडे परत जाणार की आमच्याकडेच कायमची राहणार. आजीला नात परत हवी होती. बाकी मी जे सांगणार आहे तो सगळा ह्या एका वाक्याभोवती आम्ही घातलेला गोंधळ आहे.

पोरगी आली ती पाठीवर सॅक लावून, दारातच उभी राहून आमच्या घराची तपासणी करत. केसवर्करपेक्षा कडक. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "आंटी, यू गॉट फिशबॉल नूडल्स?" घरात मुगाची खिचडी होती. तिने एक घास खाल्ला, मान हलवली आणि इथल्या बोलीतला 'ला' शेवटी लावत अत्यंत समजूतदारपणे म्हणाली, "नेव्हर माइंड ला." मला हसू आवरेना.

पण ह्यांना हसू आलं नाही. फोस्टर घरांना जी माहिती दिली होती, त्यात 'मुलाची संस्कृती सुरक्षित राहिली पाहिजे' असं ठळक अक्षरांत होतं. हे म्हणाले, "हिला तमिळ वातावरण द्यायला हवं. ही आपली जबाबदारी आहे." मी म्हटलं, "अहो, तिला फिशबॉल हवेत." हे म्हणाले, "तो वेगळा मुद्दा." आणि त्यांनी आमच्या गणपतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

हा ग्रुप म्हणजे ईस्ट कोस्टच्या बाजूची दहा-बारा मराठी घरं. नोंदणी नाही, काही नाही. गणपतीला जमायचं, आरत्या म्हणायच्या, मोदक कोणाचे फुटले ह्यावर वर्षभर बोलायचं. पण मराठी माणसाला अडचण सांगायची सोय नाही. तो आधी अध्यक्ष निवडतो. त्याच शनिवारी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली, मी बटाटेवडे तळत होते, आणि तळणीचा पहिला घाणा निघायच्या आत समिती स्थापन झाली होती.

अध्यक्षपदी एकमताने माटुंग्याच्या वहिनी. त्या मरीन परेडलाच, आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहतात, पण त्यांचं बालपण माटुंग्याला एका मद्रासी खानावळीच्या मागच्या चाळीत गेलं. एवढी पात्रता इतर कोणाकडेच नव्हती. कोणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्हाला तमिळ येतं?"

"येत नाही," वहिनी म्हणाल्या, "पण वास कळतो."

भाषेचं काम ज्यांना दिलं, ते पाच-सहा वर्षं बंगळुरूला होते. मी कढईजवळून ओरडले, "अहो, तिथे कन्नड बोलतात!" ते मला म्हणाले, "वहिनी, सुरुवात तर करू." सणवार एकाकडे, गाणी एकीकडे. एका नव्याने आलेल्या आयटीवाल्या मुलीने हळूच विचारलं, "आपण त्या आजींनाच का नाही विचारत?" सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं जसं काही तिने आरतीच्या मध्येच फोन उचलला. "अगं, त्या हॉस्पिटलात आहेत," वहिनी म्हणाल्या. "आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा?" हे मलाही पटलं. आपल्याकडे समोरच्याला न विचारता त्याचं भलं करणं ह्याला सौजन्य म्हणतात.

पहिलं काम म्हणजे सांबार. वहिनींनी आमच्या ओट्यापाशी उभं राहून स्वतः केलं. गोडा मसाला घातला, चिंच घातली, आणि मग चिंचेला मारायला गुळाचा असा खडा टाकला की विचारू नका. मी म्हटलं, "वहिनी, ही आमटी झाली." वहिनी म्हणाल्या, "शेवग्याची शेंग आहे ना त्यात?" संपला विषय. मी डबा भरून, पोरीचा हात धरून आजींना भेटायला गेले.

आजी काटक होत्या. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, केस घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की वॉर्डच्या टोकाची नर्स वळून बघायची. पोरगी पलंगावर चढून त्यांना बिलगली. "पाट्टी, पाट्टी" करत दोघींचं तमिळमध्ये जे सुरू झालं, ते थांबेना. मी डबा उघडून धरलेला. आजींनी बोट बुडवून चाटलं, माझ्याकडे बघितलं, परत चाटलं.

"हे काय? पायसम?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सांबार," मी म्हटलं. पायसम म्हणजे खीर, हे मलाही ठाऊक होतं.

बाई हसायला लागल्या. हसता हसता खुब्यात कळ आली तर "आयो" म्हणाल्या आणि परत हसल्या. नर्स धावत आली. शेजारच्या पलंगावरच्या मलाय आजींनाही एक चमचा देण्यात आला, त्याही हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं मीही अशीच आमटी करतेय, आजवर कोणी हसलं नव्हतं. घरी येऊन समितीला सांगितलं, "आजींना फार आवडलं."

मग पोंगल. पोंगल येतो जानेवारीत आणि आम्ही होतो जूनमध्ये, पण सणाच्या कार्यवाहांचं म्हणणं पडलं की एक रंगीत तालीम हवीच. भांड्यातलं दूध उतू गेलं पाहिजे आणि तेव्हा सगळ्यांनी मोठ्याने "पोंगल, पोंगल" ओरडलं पाहिजे, असं त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं. आमची इंडक्शनची शेगडी. तिच्यावर थेंब सांडला की ती स्वतःच बंद पडते आणि टीं टीं ओरडते. आम्ही दहा माणसं ओट्याभोवती गोल करून उभे, दूध काठाला आलं, पहिला थेंब पडला, शेगडी बंद, दूध खाली. परत चालू केली. परत काठाला, परत टीं टीं. आम्ही प्रत्येक वेळी "पोंगल!" ओरडायचो आणि दूध मागे फिरायचं. शेवटी ह्यांनी ते उचलून सिंकमध्ये ओतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "तुम्ही सगळे ओरडताय का?"

"पोंगल आहे बाळा. तुमच्याकडे करतात ना?"

"पाट्टी देवळातून पार्सल आणते," ती म्हणाली.

हे असं चाललेलं असताना खरी गोष्ट भलतीकडेच घडत होती. मी ठरवलं होतं की पोरीशी मराठी बोलायचं नाही, फक्त इंग्रजी. तमिळ आपल्याला येत नाही, निदान आपलं तिच्यावर लादायला नको. ठरवलं खरं, पण मला राग इंग्रजीत येत नाही. दूध सांडलं, लिफ्ट बंद पडली, ह्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला, की माझं तोंड मराठीत सुटतं. आणि दिवसभरात काही ना काही सांडतंच. एक दिवस मी फ्रिजमध्ये वाटी कोंबत होते, वाटी बसेना, आणि मागून आवाज आला, "काय कटकट आहे!" वळून बघते तर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी. माझाच आवाज, माझीच मान, माझाच वैताग. मी तिथेच फरशीवर बसून तिला जवळ ओढलं आणि इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मग काय, बांधच फुटला. महिन्याभरात ती "काकू, तूप वाढ" म्हणायला लागली. वरणभात, वर लिंबू. ह्यांना "काका, टॉवेल!" म्हणून दरडावायला लागली. रात्री निजताना माझा हात उशीखाली ओढून घ्यायची. आमच्या घराला परत तोंड फुटलं होतं. मी स्पष्टच सांगते, मला ती हवी होती. आजी बऱ्या होऊ देत असं मी देवापुढे म्हणायचे आणि जरा सावकाश होऊ देत असंही म्हणायचे.

गणपतीत वहिनींनी तिच्यासाठी छोटी नऊवारी शिवून आणली. नथ, चंद्रकोर, अंबाडा. पोरगी लेझीम घेऊन अशी नाचली की सगळे बघत राहिले. केसवर्करलाही बोलावलं होतं. त्याने मोदक खाल्ला, फोटो काढले, आणि पोरगी वहिनींना "अहो, माझी नथ टोचतेय!" म्हणाली तेव्हा त्याने व्हिडिओसुद्धा काढला. मला म्हणाला, "तिची मातृभाषा किती सुधारलीय!"

"ती मराठी बोलतेय," मी म्हटलं.

"हो ना, किती सुंदर."

"अरे, तिची मातृभाषा तमिळ आहे. ही आमची आहे."

ह्यांनी लगेच कागदी रुमालावर भारताचा नकाशा काढला. इथे पुणे, इथे चेन्नई, मधे एवढं अंतर, वेगळी भाषा, वेगळी लिपी, वेगळं जेवण. केसवर्करने लक्षपूर्वक बघितलं. "म्हणजे एकाच देशात," तो म्हणाला. ह्यांनी त्याला दुसरा मोदक दिला.

तोवर आजी वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. मधे त्यांना छातीत इन्फेक्शन झालं म्हणून बरेच आठवडे भेटी बंद होत्या. त्यानंतरची पहिली भेट केंद्रातल्या खोलीत ठेवली. खेळणी, छोट्या खुर्च्या, कोपऱ्यात केसवर्कर. आजींनी पिशवीतून चकलीसारखा मुरुक्कू काढला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. पोरीने उत्तर दिलं, "नको."

आजींनी परत विचारलं.

"अगं नको ना, पाट्टी," पोरगी म्हणाली. "माझं पोट भरलंय."

आजींनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाली ती?"

ज्या बाईने हिला दूध पाजून मोठं केलं, तिला तिच्या नातीचं बोलणं मी भाषांतर करून सांगत होते. "नको म्हणतेय," मी म्हटलं. "पोट भरलंय म्हणतेय." मग आजींनी मला जे झापलं! तमिळ, मलाय, इंग्रजी, सगळं एकत्र. काय केलंस माझ्या पोरीला, हे कुठलं बोलणं शिकवलंस. पोरगी घाबरून माझ्या मागे लपली. माझ्या मागे, हे आजींनीही बघितलं आणि मुरुक्कू परत पिशवीत ठेवून दिला.

बाहेर केसवर्कर काळजीने म्हणाला, "मुलगी आजीशी तिच्या भाषेत इतकं छान बोलतेय, पण आजी प्रतिसादच देत नाहीत. त्यांना ऐकू येत असेल ना?"

मी खूप सांगितलं. त्याने खूप मान हलवली. पुढच्या आठवड्यात आजींच्या कानांची तपासणी झाली. कान ठणठणीत. तेव्हा मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की कान ठीक असून मातृभाषा कळत नाही म्हणजे प्रश्न स्मरणशक्तीचा असू शकेल. आजींची विस्मरणाची तपासणी ठरली. आणि मीटिंग त्याच्या आधीच होती. कपाळावर हात मारायचा तर किती वेळा मारायचा! ह्या देशात एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, पाट्यांवर तमिळ आहे, नोटेवर तमिळ आहे, आणि ह्या बाईसाठी एक तमिळ येणारा माणूस कोणी बोलावला नाही. का? तर त्यांना इंग्रजी येतं, आणि मी बसलेलीच असायचे, घरचीच, इंडियन.

त्याच सुमारास फोस्टर घरांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवायला ऑस्ट्रेलियाहून एक बाई आल्या होत्या. स्वतः तिथल्या आदिवासी समाजातल्या, आणि काम त्याच समाजाच्या घरांबरोबर करणाऱ्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे एक काळ असा होता की मुलांना घरांतून उचलून न्यायचे, त्यांच्या भल्यासाठी म्हणून. काहींचे हाल झाले, काहींना चांगली घरंही मिळाली. स्वच्छ कपडे, पोटभर जेवण. मोठी होऊन ती परत आली तेव्हा आपल्या आजीसमोर बसून बोलायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. आता म्हणून आम्ही आधी त्या मुलाच्या माणसांना विचारतो, त्या म्हणाल्या. काय हवं, काय नको, हे ती माणसं ठरवतात. आम्ही मदत करतो.

मी हात वर केला. मला खरं तर कौतुक करून घ्यायचं होतं. आम्ही संस्कृतीसाठी अख्खी समिती नेमलीय, असं मी सांगितलं. उपसमित्यांसकट.

"वा," त्या म्हणाल्या. "मुलीच्या घरचं कोण आहे त्या समितीत?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "माटुंग्याच्या वहिनी."

त्यांना माटुंगा माहीत नव्हता. शेजारी बसलेल्या ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. घरी येताना बसमध्ये ह्यांनी विचारलं, "जेवायला काय करायचं?" आणि मी त्यांच्यावर अशी खेकसले की पुढच्या सीटवरची बाई उठून दुसरीकडे गेली.

मीटिंगला एक वरिष्ठ बाई होत्या, केसवर्कर, आम्ही दोघं आणि आजी. आजींनी रेशमी साडी नेसली होती. केसवर्करने पडद्यावर फोटो लावला. नऊवारी, नथ, लेझीम. "मुलगी आपल्या संस्कृतीत छान रमलीय," तो म्हणाला. मग व्हिडिओ लावला. "मातृभाषा अस्खलित. उलट आजींना तिचं साधं बोलणंही समजत नाही, त्यामुळे थोडी काळजी वाटते." तो मनापासून बोलत होता. त्याच्या मते पोरीने आमच्याकडेच कायमचं राहावं.

म्हणजे मला हवं ते सगळं टेबलावर आयतं वाढून ठेवलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. आजी त्या फोटोकडे बघत होत्या. रागसुद्धा नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. आपणच काही विसरलोय की काय, अशा नजरेने त्या बघत होत्या. ते मला बघवेना.

"ही तिची संस्कृती नाही," मी म्हटलं. "ही माझी आहे. आजींना काही झालेलं नाही. पोरगी मराठी बोलते, आणि ते मी शिकवलंय."

वरिष्ठ बाई गोंधळल्या. "पण तुम्ही दोघी इंडियन ना?"

ह्यांनी नकाशासाठी खिशातून पेन काढलं. मी ते हिसकावून घेतलं. "बाई," मी म्हटलं, "आजींना सांगा, मला तमिळमध्ये काहीही म्हणा. मला त्यातलं एक वाक्य जरी कळलं, तर पोरगी माझ्याकडे ठेवा."

"अगं," हे घाबरून म्हणाले, "हे प्रोसेसमध्ये बसत नाही."

पण आजींच्या प्रोसेसमध्ये ते बरोब्बर बसलं. त्यांनी वॉकर बाजूला सारला, माझ्याकडे तोंड केलं आणि सुरू झाल्या. आधी हळू, मग वाढत्या आवाजात. माझ्याकडे बोट, छताकडे बोट, एकदा स्वतःच्या छातीवर हात. मधेच ह्यांच्याकडेही बोट, हे उगीच म्हणाले, "सॉरी." आजी थांबायला तयार नव्हत्या. केसवर्करने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला, प्यायल्या, परत सुरू. शेवटी त्या थांबल्या आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"काय म्हणाल्या त्या?" वरिष्ठ बाईंनी मला विचारलं.

"मला काय माहीत!" मी ओरडले. "तेच तर सांगतेय मी! मला एक अक्षर कळलं नाही!" आणि मग मला रडू फुटलं, भर मीटिंगमध्ये, नाक-डोळे सगळं वाहायला लागलं. कारण मी जिंकले होते आणि पोरगी गेली होती.

केसवर्कर बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा पडद्यावरच्या नऊवारीकडे बघत होता. वरिष्ठ बाईंनी आजींना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"ते आमचं खासगी आहे," आजी म्हणाल्या.

विस्मरणाची तपासणी रद्द झाली, पोरगी आजींकडे परत जायचं ठरलं. तमिळ बोलणारी एक मदतनीस आजींच्या घरी यायला दिली, आणि दुपारी शाळेनंतर पोरीची सोय झाली. निघायच्या दिवशी पोरगी रडली, मी रडले, ह्यांनी तिच्या सॅकची चेन चार वेळा उघडली आणि लावली. केसवर्करने मला कागदी रुमाल दिले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तुम्ही फार धीराच्या आहात." मी म्हटलं, "तू आधी तमिळ आणि मराठी ओळखायला शीक." तो म्हणाला, "शिकतोय." आणि खरंच शिकत होता, दोन्ही भाषांमध्ये 'नमस्कार' म्हणायचा सराव त्याने माझ्यासमोर केला.

समितीचं विसर्जन करायला एक बैठक झाली. वहिनींना माझा निर्णय पटला नाही. "एवढं केलं आपण," त्या म्हणाल्या, "निदान मत तरी विचारायचं होतंस आमचं." मी त्यांना वडे वाढले.

सुमारे दोन महिन्यांनी आजींचा फोन आला. "शनिवारी ये," त्यांनी इंग्रजीत हुकूम सोडला. "हातात काही आणू नकोस." मी आणि हे पुंगोलला गेलो. एलआरटीच्या छोट्या गाडीतून उतरलो, लिफ्टने वर गेलो, दार उघडंच होतं. पोरगी धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली, "आंटी!" म्हणाली. काकू नाही म्हणाली. मग माझा हात धरून तिने मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

आणि तिचं तोंड सुरू झालं. शाळेतलं काहीतरी असावं. हातवारे करत, नाक फेंदारत, कोणाची तरी नक्कल करत ती तमिळमध्ये सांगत होती, आणि आजी मधेमधे हं हं करत, एखादा शब्द दुरुस्त करत, तिच्या केसांना तेल चोळत होत्या. एका ठिकाणी दोघी खदखदून हसल्या. हे पण हसले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी हातातली कॉफी तशीच धरून बसले होते. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि दोघींपैकी कोणालाही मला समजावून सांगायची गरज वाटली नाही. इतकं बरं वाटत होतं, आणि इतकं दुखत होतं.